मळ्याच्या फाटकाशी पोलीस आले तर?



निफाड, दिंडोरी, चांदवडकडची कितीतरी कुटुंबे गावठाण सोडून मळ्यात राहतात. हाकेच्या अंतरावर शेजारी नसतो. म्हणून रात्री गस्तीची गाडी शिवाररस्त्याने गेली, की जिवाला आधार वाटतो. पण तीच गाडी आपल्या फाटकाशी थांबली, की छातीत धस्स होते. अशा वेळी काय करावे, हे घरातल्या सर्वांना ठाऊक हवे.

ज्याला अटक करायची तो माणूस तुमच्या मळ्यात शिरला असेल, तर पोलिसांना वाट द्यावीच लागते. अडवणूक केली, तर दार मोडण्याचाही अधिकार त्यांना आहे. तेथे सातबारा दाखवून उपयोग नाही.

घराची, गोठ्याची, कांदाचाळीची झडती मात्र वेगळी. तिला सहसा न्यायालयाचे वॉरंट लागते. तपासात उशीर परवडणारा नसेल, तर अधिकारी वॉरंटाशिवायही झडती घेऊ शकतो. पण का आणि कशासाठी, हे त्याने लिहून ठेवले पाहिजे. त्याची प्रत ४८ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाते आणि अर्ज केल्यास घरमालकालाही फुकट मिळते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडतीचे चित्रीकरणही सक्तीचे केले आहे.

झडती चालू असताना तुम्ही हजर राहा. परिसरातले दोन प्रतिष्ठित पंच हवेत. नेलेल्या वस्तूंची सही केलेली यादी मागून घ्या. बाईमाणसाची अंगझडती बाईनेच घ्यायची असते. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अगदीच अपवाद असेल, तर महिला अधिकाऱ्याने न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यावी लागते. आणि हो, शेजाऱ्याकडे पंच म्हणून बोलावले, तर टाळाटाळ करू नका. सबळ कारणाशिवाय नकार देणे हा गुन्हा आहे, आणि उद्या आपल्या घरीही खरे बोलणारा पंच लागेल.

गस्तीच्या नावाखाली कोणाची झोपमोड करण्याची मुभा पोलिसांना नाही. उत्तर प्रदेशात पोलीस पाळतीवरच्या माणसांच्या घरी रात्री-अपरात्री जाऊन दार ठोठावीत. खरकसिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली तो नियमच रद्द केला.

चोरटेही कधी पोलीस असल्याची बतावणी करतात. म्हणून साध्या वेशातल्या माणसाला आधी नाव, ठाणे आणि ओळखपत्र विचारा. शंका आली, तर ११२ वर फोन करून खात्री करा. खऱ्या पोलिसाला त्यात अपमान वाटायचे कारण नाही.

पोलीस ठाण्याचा आणि पोलीस पाटलांचा नंबर आजच भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर ठळक लिहून ठेवा. म्हाताऱ्या आईला आणि शाळकरी मुलांनाही तो वाचता आला पाहिजे.