आभाळ भरलं, शेततळं सांभाळा



कडवंचीसारख्या आपल्या जालन्यातल्या गावांत शेततळी झाली आणि काहींनी त्यांत कटला, रोहू, मृगळ सोडले. पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, तेव्हा या तळ्यांना जपावं लागतं.

पाण्याचा हिरवा रंग म्हणजे अगदी बारीक शेवाळ. उन्हात ते प्राणवायू तयार करतं, रात्री मात्र वापरतं. ऊन मिळालं नाही की ते मरतं, पाणी तपकिरी दिसू लागतं. मेलेलं शेवाळ कुजतानाही प्राणवायू खर्च होतो. म्हणून पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात. त्यांना भूक लागलेली नसते, ते गुदमरलेले असतात!

मग करायचं काय? खाद्य आणि शेण लगेच बंद करा. मध्यरात्रीपासून दिवस उगवेपर्यंत पंपानं तळ्याचंच पाणी उचलून फवाऱ्यासारखं वरून पाडा. विहिरीचं पाणी सोडायचं तर तेही उंचावरून पडू द्या. तरंगणारी घाण जाळीनं काढा.

ऊन पडलं म्हणून घाईनं शेणाच्या पाट्या ओतू नका. शेवाळ हळूहळू धरतं. चार-पाच दिवसांनी हात कोपरापर्यंत पाण्यात घालून बघा. तळहात स्पष्ट दिसला तर थोडं शेण पाण्यात कालवून द्या. दिसेनासा झाला तर खत नको. पहाटे मासे वर येईनासे झाले, की खाद्य निम्म्यानं सुरू करा.

आभाळ आपल्या हाती नाही, पण खाद्याची पाटी आहे.