सेवाग्रामची प्रार्थना आणि सिनेमाची चाल

मराठी संगीतकारांची गावं आठवायला बसलं की कोल्हापूर आणि कोकण आधी पुढे येतं. विदर्भातून अमरावती येते, कारण ‘संत तुकाराम’चं संगीत देणारे केशवराव भोळे तिथले. वर्ध्याचं नाव कुणी घेत नाही, आणि घ्यावं तरी कसं? वर्धा म्हणजे गांधीजींचं सेवाग्राम, आणि गांधीजींचं तर सिनेमाशी वाकडं. १९२७ साली सरकारनं नेमलेल्या सिनेमा समितीनं गांधीजींकडे प्रश्नावली पाठवली, तेव्हा आपण सिनेमा कधी पाहिलेला नाही आणि त्यापासून अपायच होतो, असं त्यांनी कळवून टाकलं. १९३९मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांनी ‘फिल्मइंडिया’तून त्यांना जाहीर पत्र लिहून सिनेमाची बाजू मांडली. ढिम्म फरक पडला नाही.

तरीही सिनेमातल्या प्रार्थनागीतांचा माग घेत गेलं, तर वाट सेवाग्रामवरून जाते, असं मला दिसतं.

आगाखान पॅलेसमधून सुटल्यावर १९४४ साली गांधीजी जुहूला विश्रांतीसाठी राहिले होते. तिथे त्यांना विजय भट्ट यांचा ‘रामराज्य’ दाखवण्यात आला. त्यांनी पाहिलेला हा एकमेव हिंदी चित्रपट, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. त्याचं संगीत कुणाचं होतं, हे मात्र कुणी विचारत नाही. ते होतं शंकरराव व्यासांचं. कोल्हापूरचे शंकरराव हे पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. दादरला त्यांचं व्यास संगीत विद्यालय होतं, धाकटे बंधू नारायणराव ख्यालाच्या ध्वनिमुद्रिकांमुळे घरोघर पोहोचले होते. ‘रामराज्य’मधलं सरस्वती राणे यांचं भीमपलासीतलं वीणागीत आजही जुन्या गाण्यांचे शौकीन पहिल्या पंगतीत बसवतात. लव-कुशांच्या तोंडच्या रामकथेची चाल तर सरळ कीर्तनाच्या वळणाची आहे. शब्द स्वच्छ, तान नाही की हरकत नाही.

आता सेवाग्रामकडे वळू. गांधीजी १९३६च्या एप्रिलअखेर तेव्हाच्या शेगावात राहायला आले. गावाचं ‘सेवाग्राम’ झालं ते पुढे १९४०मध्ये. सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेत जी भजनं म्हटली जात, ती ‘आश्रम भजनावली’तली. ही भजनावली सिद्ध केली नारायण मोरेश्वर खरे यांनी. साबरमतीला गांधीजींनी आश्रमासाठी गायक मागितला, तेव्हा पलुसकरांनी आपला हा शिष्य दिला. खरे दांडीयात्रेतही चालले. १९३८च्या हरिपुरा काँग्रेसच्या वेळी ते गेले, पण चाली मागे उरल्या. म्हणजे आश्रमाच्या अंगणात रोज जे कानांवर पडत होतं आणि जुहूला पडद्यावरून जे ऐकू आलं, त्या दोन्ही चाली एकाच गुरूच्या शिष्यांच्या. बुवांच्या लेकानं, द. वि. पलुसकरांनी, पुढे ‘बैजू बावरा’त अमीर खाँसाहेबांबरोबर जुगलबंदी गायली. नौशादांच्या त्या चित्रपटाची कीर्ती सांगायला नको.

आश्रमातल्या आणि ‘रामराज्य’मधल्या चालींमागे पलुसकरबुवांचं एक साधं धोरण होतं. लहानपणी फटाक्यानं डोळे अधू झालेल्या या माणसानं १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाणं कोठ्यांतून, दरबारांतून बाहेर आणून मध्यमवर्गाच्या घरात नेलं. शेकडो माणसांना एकदम म्हणता यावी अशी रामधून त्यांनी बांधली. समूहाला पेलेल तेवढंच अवघड ठेवायचं आणि शब्द पुसट होऊ द्यायचा नाही, हे तंत्र सिनेमाला अगदी आयतं मिळालं.

या तंत्राचं सोनं केलं वसंत देसाईंनी. ते पलुसकरांचे शिष्य नव्हेत. कुडाळकडचे, ‘प्रभात’मध्ये पडेल ते काम करत वर आलेले. १९५७च्या ‘दो आँखें बारह हाथ’मधली भरत व्यासांची ‘ऐ मालिक’ ही प्रार्थना नीट ऐका. मुखडा मधल्या सुरांत ठेवलाय, कुणाचाही गळा तिथवर पोहोचतो. अंतऱ्यात अंधाराची भीती येते तशी चाल वर चढते आणि पुन्हा मूळ जागी येऊन टेकते. लताबाईंचा आवाज पुढे, कोरस मागे. शाळेच्या मैदानात पेटी जरा बेसूर असली तरी हे गाणं कोसळत नाही, आणि संगीतकाराची ही करामत मला एखाद्या दुर्मीळ रागातल्या बंदिशीइतकीच मोठी वाटते. १९७१च्या ‘गुड्डी’त गुलजारांच्या शब्दांवर त्यांनी असाच आणखी एक चमत्कार केला.

‘दो आँखें बारह हाथ’च्या कथेचं बीज तर सरळ वर्ध्याशी जोडलेलं आहे. औंध संस्थानची सत्ता प्रजेच्या हाती देण्याचा बेत राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि त्यांचे मित्र मॉरिस फ्रीडमन यांनी आखला आणि १९३८च्या अखेरीस ते सल्ल्यासाठी गांधीजींकडे वर्ध्याला आले. फ्रीडमन हे पोलंडचे ज्यू इंजिनिअर, गांधीजींच्या चरख्याच्या प्रयोगांतले सहकारी. सूत कातायची धनुष तकली त्यांची. (पुढे याच गृहस्थांनी मुंबईच्या निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणं इंग्रजीत नेली. एका जन्मात माणूस किती ठिकाणी सापडावा!) औंधच्या या प्रयोगातूनच आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही भिंतीविना कैद्यांची वसाहत उभी राहिली. ग. दि. माडगूळकर त्याच मुलखातले, औंधच्या शाळेत शिकलेले. चित्रपटाचे दिग्दर्शक शांतारामबापू यांच्यासाठी त्यांनी सहा कैद्यांची कथा लिहिली ती हीच. बर्लिनला १९५८मध्ये चित्रपटाला रौप्य अस्वल मिळालं. पडद्यावरचे कैदी ती प्रार्थना म्हणतात, तेव्हा तिच्यामागे गदिमा आहेत, स्वतंत्रपूर आहे आणि सेवाग्रामही आहे.

गांधीजी आणि सिनेमाचं संगीत म्हटलं की रिचर्ड ॲटनबरोंचा ‘गांधी’ही आठवतो, म्हणून त्याबद्दल थोडक्यात. पंडित रविशंकर आणि जॉर्ज फेंटन यांच्या संगीताला ऑस्करचं नामांकन होतं; बाहुली नेली जॉन विल्यम्सच्या ‘ई.टी.’नं. संगीत देखणं आहे, पण रविशंकरांचं गांधीजींवरचं खरं काम मला त्याआधीचं वाटतं. १९४८च्या हत्येनंतर रेडिओवर तबल्याविना काहीतरी वाजवायचं होतं. त्यांनी ‘गांधी’ या नावातून ग, नी, ध हे स्वर उचलले आणि मालकंसाच्या अंगानं नवा राग मांडला. त्याचं नाव त्यांनी मोहनकंस ठेवलं. त्याला पडदा लागला नाही की वाद्यवृंदही.