दगड बोलला पाहिजे

जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या गुहांची दारं ठेंगणी आहेत. कमरेत वाकायचं, डोकं सांभाळायचं आणि मगच आत पाऊल टाकायचं. मी माझ्या ओळखीच्या एका पाथरवट काकांना घेऊन गेले होते. जन्मभर जात्या-पाट्यांना टाकी लावलेला माणूस.

आत गारवा आणि समईचा उजेड. समोर काळ्या पाषाणातले बाविसावे तीर्थंकर नेमिनाथ. काकांनी हात जोडले, मग मागं वळून दाराकडं पाहिलं, पुन्हा मूर्तीकडं. "ताई, ह्या दारातून ही मूर्ती आत यायची न्हाई." ते थोडा वेळ गप्प राहिले. "मग घडवणारा बसला कुठं? उजेड कुठून घेतला?"

हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मीही त्या माणसाचा विचार करू लागले. तोंडावर उडणाऱ्या कपच्या, डोळ्यांत भुकटी, दिव्याची काजळी, आणि समोर ज्याच्या ओठांवर शांतपणा उतरायला हवा असा चेहरा. दगडातून काढता येतं, परत घालता येत नाही. नाकाचा टवका उडाला तर महिन्यांचं काम गेलं.

शेजारच्या गुहेतले पार्श्वनाथ तर अंतरिक्ष म्हणून ओळखले जातात. डोक्यावर नागाचा फणा, आणि एवढ्या मोठ्या मूर्तीचा भार खाली एका लहानशा दगडावर. भाविक त्याला चमत्कार म्हणतात. काका गुडघ्यांवर बसून, जमिनीला गाल लावून मूर्तीखालची फट बघत राहिले. उठले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. "तोल साधलाय," एवढंच म्हणाले. मला त्यात श्रद्धा कमी झालेली दिसली नाही, उलट वाढलेलीच दिसली.

दगड निवडायचा कसा, ते त्यांनी उतरताना सांगितलं. हातोडीनं वाजवून बघायचं. खणखणीत बोलला तर घ्यायचा, बद्द बोलला तर पोटात चीर आहे. टाकी बोथट झाली की भट्टीत लाल करायची, धार काढायची, पाणी द्यायचं. पाणी जास्त झालं तर टोक तुटतं, कमी झालं तर मुडपतं. आपला काळा दगड हत्यार फार खातो.

दुपारी मंठ्याच्या रस्त्यानं चारठाण्याला गेलो. इथली देवळं हेमाडपंती, म्हणजे चुन्याशिवाय दगडावर दगड बसवलेली. नाव यादवांच्या मंत्र्याचं, हेमाद्रीचं. महादेव यादवाच्या काळात, १२६१ ते १२७१ मध्ये, आणि पुढं रामचंद्राच्या काळात तो कारभार पाहत होता. पण अशी देवळं त्याच्या आधीही बांधली जात होती. ज्यांनी घाव घातले त्यांची नावं मात्र क्वचितच उरली. वेरूळच्या कैलासाच्या कथेत पैठणचा कोकस भेटतो, राणीच्या नवसासाठी आधी कळस घडवणारा. पैठणचा म्हणून तो मला आपल्या घरचा वाटतो.

एका पडलेल्या खांबाचा तुकडा गवतात आडवा होता. त्याचा सांध्याचा तळ उघडा पडलेला. बाहेरच्या अंगावर नक्षी होतीच, पण काकांनी बोट ठेवलं ते या तळावर. टाकीचे बारीक घाव एकाशेजारी एक, शेतातल्या तासांसारखे, मध्ये खोल खाच. खांब उभा असताना हे कुणालाही दिसणार नव्हतं.

"दिसायसाठी न्हाई केलेलं," काका म्हणाले. "एक खडा उंच राहिला की वरचा सगळा भार त्याच्यावरच येतो. मग दगड तिथंच फुटतो."

खाचेत पावसाची माती आणि कडुनिंबाचा पाला साचला होता. काकांनी खांद्यावरच्या उपरण्याचं टोक ओलं केलं आणि ती खाच कडेपासून तळापर्यंत पुसून काढली.