पाचशे केबीच्या आत

उमरखेडच्या बाजारात हळद क्विंटलवर मोजतात. दहावी-बारावीचे निकाल लागले की तहसीलच्या आसपास दुसरे माप चालू होते, केबीचे. ‘आपले सरकार’ पोर्टलवर उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला मागायचा, तर जोडलेला प्रत्येक कागद ७५ ते ५०० केबीत बसला पाहिजे. फोटो १६० बाय २०० पिक्सेलचा आणि ५ ते २० केबीचा. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीवर गेलात की मर्यादा १५ ते २५६ केबी. आयबीपीएसचा बँकेच्या परीक्षेचा अर्ज असेल तर सही १० ते २० केबीत. “भाऊ, फाइल चढूनच नाही राहिली,” हे वाक्य या दिवसांत सेवा केंद्रांच्या प्रत्येक बाकावर ऐकू येते. जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले, तेव्हा तर आधार आणि रेशनकार्डाचे फोटो घेऊन आलेल्या मावश्यासुद्धा विचारू लागल्या, “साईज बसली का रे बाबा?”

माझा धंदा डीटीपीचा. लग्नपत्रिका, हँडबिले, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल. फाइल बारीक करून देणे हे त्याला चिकटलेले फुकटचे काम होते, त्याचा पुढे नाद लागला. ७५ केबीच्या खालच्या अटीचे मला अजून नवल वाटते. पोर हुशारीने फाइल साठ केबीची करून आणते आणि पोर्टल तिला लहान म्हणून हाकलून देते. मग तीच फाइल फुगवून द्यावी लागते. वरची मर्यादा सर्व्हरवर भार पडू नये म्हणून, खालची बहुधा धूसर कागद येऊ नयेत म्हणून. पण पाऊणशे केबीचा कागदही वाचता न येणारा असू शकतो, आणि चाळीस केबीचा आरशासारखा स्वच्छ. हे कसे, ते एकदा समजले की निम्मी रांग कमी होईल.

हिशेब साधा आहे. ए-फोर कागद ३०० डीपीआयवर स्कॅन केला, म्हणजे इंचाला तीनशे ठिपके घेतले, की २४८० बाय ३५०८ ठिपके होतात. एकूण सुमारे ८७ लाख. रंगीत स्कॅनमध्ये प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट लागतात, म्हणजे कच्चा माल २६ एमबी. राखाडी छटांत केला तर ८.७ एमबी. नुसता काळा-पांढरा केला तर आठ ठिपके एका बाइटमध्ये मावतात आणि आकडा जेमतेम १.१ एमबीवर येतो. त्यावर फॅक्सच्या काळातले ‘ग्रुप फोर’ हे कॉम्प्रेशन बसवले, की टाइप केलेले साधे पान पन्नास केबीच्या आसपास येते आणि एक ठिपकाही गमावत नाही. १५० डीपीआय केले तर ठिपके निम्मे होत नाहीत, पाव होतात, कारण लांबी आणि रुंदी दोन्ही निम्म्या होतात. तेव्हा टाइप केलेले हमीपत्र रंगीत स्कॅन करून मग ते कॉम्प्रेस कसे करू म्हणून विचारत बसण्यात अर्थ नाही. आधी रंग काढा. उलट स्टँपपेपर, गोल शिक्के, निळ्या शाईची सही असेल तर रंग ठेवा, ठिपके कमी करा.

पीडीएफचा इतिहास थोडक्यात सांगून टाकतो. अडोबी कंपनीच्या जॉन वॉर्नॉक यांनी १९९१ च्या सुमारास ‘कॅमलॉट’ नावाने एक प्रकल्प मांडला: कोणत्याही संगणकावर तयार झालेले पान दुसऱ्या कोणत्याही संगणकावर जसेच्या तसे दिसावे. त्यातून १९९३ मध्ये पीडीएफ आले, २००८ मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक झाले. मजकूर आवळण्यासाठी त्यात झिप फाइलचीच युक्ती आहे. एवढे पुरे.

पीडीएफ हे आतून एक गाठोडे असते: मजकूर, फाँट, चित्रे, आणि कोणी बघत नाही असे बारीकसारीक सामान. अक्रोबॅटच्या पूर्ण आवृत्तीत ‘ऑडिट स्पेस युसेज’ नावाचे बटण आहे. कोणत्या वस्तूने किती जागा खाल्ली याचा तक्ता ते टक्केवारीसह देते. फाइल हातात आली की मी आधी तो तक्ता बघतो. लग्नपत्रिकेच्या फाइलीत बहुतेक वेळा कोपऱ्यातला इवलासा गणपती जागा खाऊन बसलेला असतो: बॅनरसाठी आणलेले भलेमोठे चित्र, पत्रिकेत दीड इंचाचे करून लावलेले. दिसते लहान, पण फाइलीत बसते पूर्ण.

मराठी डीटीपीवाल्यांचे आणखी एक दुखणे आहे. फाँट दुसऱ्या मशीनवर फुटेल या धास्तीने आम्ही वर्षानुवर्षे कोरलमध्ये सगळा मजकूर ‘कर्व्ह’ करत आलो. त्याने फाँटचा घोर मिटतो, पण अक्षर अक्षर राहत नाही. एकेका ‘क’ची बाह्यरेषा प्रत्येक वेळी नव्याने लिहिली जाते. शंभर पानांचा अहवाल असा कर्व्ह केला की फाइल फुगते, आणि वर त्यात एक शब्दही शोधता येत नाही. युनिकोडमध्ये अक्षरजुळणी करून फाँट फाइलीत बसवला तर पीडीएफ त्यातली वापरलेली चिन्हेच घेते. फाइलच्या गुणधर्मांत फाँटची यादी उघडून बघा: नावाआधी सहा मोठी इंग्रजी अक्षरे आणि बेरजेचे चिन्ह दिसले, तर समजावे की पूर्ण फाँट आलेला नाही, त्याचा तुकडा आला आहे. देवनागरीत जोडाक्षरांमुळे चिन्हांची संख्या शेकड्यांत जाते, त्यामुळे ही बचत आपल्याला इंग्रजीपेक्षा जास्त कामाची. विंडोजवरचा ‘मंगल’ हा देवनागरी फाँट आपल्याच र. कृ. जोशींनी घडवला. ते कवी, सुलेखनकार, आयआयटी मुंबईत शिकवणारे. सरकारी दाखल्यांत रोज त्यांची अक्षरे येतात आणि कोणाला त्यांचे नाव ठाऊक नसते, हे मला बरे वाटत नाही.

तशीच गोष्ट नासिर अहमद यांची. ते १९४० मध्ये बेंगळुरूत जन्मले आणि पुढे अमेरिकेत प्राध्यापक झाले. १९७२ मध्ये त्यांनी एका गणिती कल्पनेसाठी तिथल्या राष्ट्रीय विज्ञान संस्थेकडे पैसे मागितले. कल्पना फारच साधी आहे म्हणून अर्ज नामंजूर झाला. तरी काम झाले, आणि १९७४ च्या जानेवारीत टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांचा ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’वरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. पुढे १९९२ मध्ये आलेले जेपीईजी याच कल्पनेवर उभे आहे. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनातले सावकाश होणारे बदल जपायचे आणि डोळ्याला सहसा न जाणवणारे बारीक, जलद बदल सोडून द्यायचे. चेहऱ्याला, आभाळाला हे फार छान जमते. अक्षराला जमत नाही, कारण अक्षराची कड म्हणजेच जलद बदल. दर्जा खाली ओढला की शिरोरेषेभोवती डास घोंगावल्यासारखे ठिपके उठतात.

ठिपके उठले तरी वाचता येते. खरा घात करते ते रिझोल्यूशन. बारा पॉइंटचे अक्षर ७२ डीपीआयला बारा ठिपक्यांच्या उंचीत कोंबावे लागते. त्यात अनुस्वाराच्या वाट्याला जेमतेम एक ठिपका येतो, आणि तोही शेजाऱ्यांत मिसळून राखाडी होतो. १५० ला अक्षराला पंचवीस ठिपके मिळतात, ३०० ला पन्नास. इंग्रजीत आयवरचा ठिपका गेला तरी शब्द तोच राहतो. आपल्याकडे अनुस्वार, रफार, ऱ्हस्व-दीर्घ उकार गेला की आडनाव बदलते आणि आधारशी नाव जुळत नाही म्हणून अर्ज परत येतो. म्हणून माझे मत: मराठी कागद १५० च्या खाली नेऊ नये, आणि हस्तलिखित असेल तर २०० च्याही नाही.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येतो, जुन्या कागदांकडे.

आमचा तालुका वऱ्हाडातला. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला, आणि पैनगंगेपलीकडचे हदगाव १९४८ पर्यंत निजामाकडे राहिले. सोयरिकी मात्र नदी बघून होत नाहीत. त्यामुळे एकाच घराचे कागद इकडे मराठीत-मोडीत आणि तिकडे उर्दूत सापडतात. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली कुणबी नोंदी शोधण्यासाठी समिती नेमली गेली. आधी मराठवाड्यात आणि मग राज्यभर दप्तरे उघडली गेली. पन्नास लाखांहून अधिक नोंदी सापडल्याचे सांगण्यात आले, आणि अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर गावोगावच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ चढल्या. एवढा जुना कागद एवढ्या घाईने आपल्याकडे क्वचितच स्कॅन झाला असेल.

त्या दिवसांत नागपूर-तुळजापूर महामार्गाने पूल ओलांडून मी हदगावकडे बऱ्याचदा गेलो. एका ओळखीच्या घरी ट्रंकेतून निघालेला, घड्यांवर फाटलेला कागद बघितला. शाई तपकिरी पडलेली, कागद त्याहून थोडाच फिका, आणि जातीच्या रकान्यात नुसते ‘कु.’ इतकेच लिहिलेले. मोबाईलच्या स्कॅनर अॅपने त्याला ‘ब्लॅक अँड व्हाइट’ केले, आणि बघतो तर उकाराचा अर्धा फाटा पार्श्वभूमीत गेलेला. अॅपला ठरवावे लागते: या ठिपक्यापर्यंत शाई, याच्या पुढे कागद. तपकिरीवर तपकिरी असेल तिथे हा निवाडा चुकतो. तोच कागद राखाडी छटांत ३०० डीपीआयला घेतला तेव्हा उकार जागेवर होता. फाइल मोठी झाली, ती होणारच.

याहून भयंकर प्रकार वेगळाच आहे. काळ्या-पांढऱ्या पानांसाठी ‘जेबिग टू’ नावाचे कॉम्प्रेशन असते. त्याचा एक प्रकार असा: पानावर सारखी दिसणारी चिन्हे गोळा करायची, एकाच चिन्हाचे चित्र जपायचे आणि बाकी ठिकाणी तेच डकवायचे. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीसेल या जर्मन संशोधकाला एका बांधकामाच्या नकाशाची झेरॉक्स कंपनीच्या यंत्रावर काढलेली प्रत दाखवण्यात आली. मूळ नकाशात तीन खोल्यांची क्षेत्रफळे १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर होती. प्रतीत तिन्ही ठिकाणी १४.१३! काहीही पुसट नाही, काहीही धूसर नाही. स्वच्छ छापलेला खोटा आकडा. यंत्राला ते आकडे सारखे वाटले होते. इतर कागदांत सहाचे आठ झालेलेही त्यांना सापडले. पुढे कंपनीने सॉफ्टवेअर दुरुस्त केले, आणि २०१५ मध्ये जर्मनीच्या माहिती सुरक्षा कार्यालयाने मूळ कागदाऐवजी ठेवायच्या स्कॅनसाठी हे कॉम्प्रेशन वापरायला मनाई केली.

आता हेच हाताने लिहिलेल्या देवनागरी आकड्यांना लावून बघा. जुन्या नोंदीतला १ आणि ९ ओळखताना माणूससुद्धा डोळे बारीक करतो. कोतवाल पंजीतले जन्मसाल, आकारबंदातले गुंठे, आणे आणि पै, असे काहीही एकमेकांच्या जागी जाऊन बसू शकते, आणि ते बसले हे कधीच कळणार नाही. मोडीत तर लेखणी न उचलता लिहिलेली अक्षरे एकमेकांत गुंतलेली, त्यांचे ‘सारखे’ कोणी ठरवायचे? धूसर कागद निदान कबूल तरी करतो की मी वाचता येत नाही. म्हणून अक्रोबॅटच्या ऑप्टिमायझरमध्ये काळ्या-पांढऱ्या चित्रांसाठी ‘जेबिग टू’समोर ‘लॉसी’ दिसले, तर तिथे ‘लॉसलेस’ किंवा सरळ ‘ग्रुप फोर’ निवडावे. वाचतील त्या चार केबींची मला किंमत नाही.

एक गोष्ट सेवा केंद्रवाल्यांनाही सांगावी लागते. १ मे २०१८ पासून मिळू लागलेला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा कॉम्प्रेस करू नये. डिजिटल सही ही खाली उमटलेल्या चित्रात नसते. ती फाइलच्या प्रत्येक बाइटवर केलेली असते. फाइल बारीक केली की बाइट बदलतात आणि सही अवैध ठरते, मग पानावर ती कितीही ठसठशीत दिसो. प्रिंट काढून पुन्हा स्कॅन केला तरी तेच. मुळात ती फाइल मजकुराची असते आणि फारशी जड नसते, तिला हात लावायची गरज सहसा पडत नाही.

रोजच्या कामाला महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. फुकटच्या लिब्रेऑफिसमध्ये पीडीएफ करताना जी खिडकी उघडते, तिथे चित्रांचा दर्जा ९० टक्के आणि रिझोल्यूशन ३०० हे आधीच भरलेले असते. ते ७० आणि १५० करा, बहुतेक अर्ज बसतात. वर्डमध्ये सेव्ह करताना ‘मिनिमम साईज’चा पर्याय असतो. टंकून आज्ञा द्यायला जे कचरत नाहीत त्यांच्यासाठी घोस्टस्क्रिप्ट आहे. त्याच्या ‘स्क्रीन’ या ठरीव मांडणीत चित्रे ७२ डीपीआयला उतरतात, ‘ईबुक’मध्ये १५० ला, ‘प्रिंटर’मध्ये ३०० ला. मराठी कागदाला ‘स्क्रीन’ लावू नका, कारण वर सांगितले आहे. ही सगळी कामे आपल्याच मशीनवर, इंटरनेटशिवाय होतात. हे मुद्दाम सांगतो, कारण आधार, पॅन आणि बँकेचे पासबुक कुठल्यातरी परक्या संकेतस्थळावर टाकून बारीक करून घेण्याची सवय सर्रास दिसते. जून २०२० मध्ये सरकारने कॅमस्कॅनरवर बंदी घातली, तेव्हा चार दिवस सगळे हळहळले आणि तसलेच दुसरे अॅप उतरवून मोकळे झाले. आपला कागद कुठे जातो हा प्रश्न तेव्हाही कोणी विचारला नाही.

घरी ट्रंकेत जुने कागद असतील तर या दिवाळीच्या सुट्टीत ते काढा. खिडकीजवळच्या उजेडात किंवा चांगल्या स्कॅनरवर, ३०० डीपीआयला, रंगीत किंवा राखाडी घ्या, आणि ती मोठी फाइल दोन ठिकाणी ठेवा. पोर्टलसाठी लागेल ती बारीक प्रत तिच्यावरून दरवेळी नवी काढा, बारीक केलेली फाइल पुन्हा बारीक करू नका. आणि व्हॉट्सअॅपवर पाठवताना फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो तिथे न विचारता दाबला जातो.