प्रतिपिंडाला आवरणारे प्रतिपिंड : दम्यावरच्या उपचाराची एक वाट

घरात दम्याचा रुग्ण असला की धूळ झटकली तरी शिंका, चुलीचा धूर गेला तरी धाप. शेजारच्याला त्याच धुळीने काही होत नाही, मग यालाच का? याचे उत्तर रक्तात आहे.

रोगजंतू शरीरात शिरले की शरीर त्यांना पकडणारी प्रथिने तयार करते. त्यांना प्रतिपिंड किंवा अँटिबॉडी म्हणतात. त्यांचे पाच मुख्य प्रकार आहेत. त्यातील 'आयजीई' हा प्रकार रक्तात अगदी थोडा असतो. जपानी शास्त्रज्ञ किमिशिगे व तेरुको इशिझाका या पतिपत्नीने 1966 साली त्याचा शोध प्रसिद्ध केला. त्याच सुमारास स्वीडनमध्येही योहान्सन आणि बेनिख यांना तो सापडला.

आयजीईचे मुख्य काम जंतांसारख्या परजीवींशी लढण्याचे, असे मानले जाते. पण काहींच्या शरीरात धुळीतले सूक्ष्म किडे, झुरळांची घाण, परागकण अशा निरुपद्रवी गोष्टींविरुद्धही आयजीई तयार होते. ते श्वासनलिकेतल्या व त्वचेतल्या 'मास्ट' पेशींवर जाऊन बसते. पुन्हा तीच धूळ आली की ती शेजारशेजारच्या दोन आयजीईंना एकत्र जोडते आणि पेशी हिस्टामिनसारखी रसायने बाहेर टाकते. मग श्वासनलिका आवळते, नाक गळते, अंगावर पित्ताच्या गांधी उठतात. सगळाच दमा अॅलर्जीचा नसतो, पण बराचसा असतो.

मग शास्त्रज्ञांनी विचार केला : प्रतिपिंडच त्रास देत असेल, तर त्यालाच पकडणारे दुसरे प्रतिपिंड का बनवू नये? असे औषध निघाले. त्याचे नाव ओमॅलिझुमॅब. अमेरिकेत 2003 साली त्याला दम्यासाठी मान्यता मिळाली. रक्तात फिरणाऱ्या आयजीईला ते पेशीवर बसण्याआधीच पकडते. पण ते महाग आहे आणि दर दोन किंवा चार आठवड्यांनी सुई घ्यावी लागते. मजुरी करणाऱ्या घराला ते कसे परवडणार?

म्हणून दुसरी वाट शोधली जात आहे. आयजीईचा एक छोटा तुकडा प्रयोगशाळेत बनवायचा. अमिनो आम्लांच्या अशा छोट्या साखळीला पेप्टाइड म्हणतात. ती सुटसुटीतपणे बनवण्याची रीत ब्रूस मेरिफिल्ड यांनी 1963 साली दिली. त्यासाठी त्यांना 1984 चे नोबेल मिळाले. मात्र नुसता तुकडा टोचून उपयोग नाही. तो फार लहान असतो, शिवाय शरीर त्याला 'आपलाच' समजून सोडून देते. म्हणून तो एखाद्या मोठ्या परक्या प्रथिनाला जोडतात. परके काही आले म्हणून शरीर जागे होते आणि त्या तुकड्याविरुद्धही प्रतिपिंड बनवते. म्हणजे औषध बाहेरून विकत घेण्याऐवजी शरीरच ते तयार करणार. ही एक प्रकारची लसच झाली.

खरी अडचण तुकडा निवडण्यात आहे. नवे प्रतिपिंड जर मास्ट पेशीवर आधीच बसलेल्या आयजीईला चिकटले, तर दोन आयजीई जोडले जातील आणि धूळ नसतानाही झटका येईल. तो जीवघेणा ठरू शकतो. म्हणून आयजीई पेशीवर बसल्यावर जो भाग झाकला जातो, नेमका त्याच भागाची नक्कल करावी लागते. दुसरी गोष्ट, सुई बंद करता येते, पण शरीराला शिकवलेले लगेच विसरायला लावता येत नाही. प्राण्यांवर असे प्रयोग झाले आहेत, तरी दम्याची ही लस दवाखान्यात मिळू लागलेली नाही. कोणी 'दम्याची कायमची लस' म्हणून पैसे मागू लागला, तर देऊ नका.

आज हाताशी असलेला चांगला उपाय म्हणजे पंप, अर्थात इनहेलर. 'पंपाची सवय लागते' हा गैरसमज आहे. पंपातले औषध थेट फुप्फुसात जाते, म्हणून गोळीपेक्षा फार कमी मात्रा पुरते. डॉक्टरांनी रोजचा पंप दिला असेल तर बरे वाटले म्हणून तो मनाने बंद करू नका. स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरा. विडी-सिगारेट, मच्छर अगरबत्ती आणि चुलीचा धूर रुग्णापासून दूर ठेवा. अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुवा, उन्हात वाळवा. झुरळे होऊ नयेत म्हणून रात्री खरकटे ठेवू नका.

रुग्णाला एक वाक्यही सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर पडत असतील किंवा पंप घेऊनही धाप कमी होत नसेल, तर सकाळची वाट पाहू नका. 108 ला फोन करा आणि लगेच रुग्णालय गाठा.