बालपणीचा धसका आणि मोठेपणचे मन



लहान मुलाला मन असते हे आपण मान्य करतो, परंतु त्या मनालाही आजार होऊ शकतो हे मानायला आपण सहसा तयार नसतो. चार वर्षांचे पोर झोपेत किंचाळू लागले की दृष्ट काढली जाते. सुटलेली सवय परत येऊन ते अंथरूण ओले करू लागले की मार बसतो. बोलेनासे झाले तर कोणीतरी त्याला भगताकडे नेतो. "लहान आहे, विसरेल" हे वाक्य तर घरोघरी ऐकू येते. ते कितपत खरे आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

आपल्या महाड-पोलादपूर भागात हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. जुलै 2005 च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. 22 जुलै 2021 रोजी तळिये येथे डोंगर खाली आला व ऐंशीहून अधिक बळी गेले. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडीखाली माणसे दगावली. अशा वेळी मृतांची यादी होते, पडलेल्या घरांचा पंचनामा होतो. वाचलेल्या लहान मुलाने काय पाहिले, याची नोंद कोणत्याच कागदावर येत नाही. 2005 साली चार-पाच वर्षांचे असलेले मूल आज पंचविशीच्या आसपास आहे.

लहान मुलाजवळ शब्दांचे भांडवल नसते. "मला भीती वाटते" असे ते सांगत नाही, ते वागून दाखवते. पाऊस वाढला की आईचा पदर सोडत नाही, पत्र्याचा आवाज झाला की दचकते, जेवण कमी होते, आणि खेळात मातीचे घर करून तेच तेच घर पुन्हा पुन्हा गाडते. मोठ्यांचे आघातोत्तर विकार ओळखण्याच्या कसोट्या या वयाला नीट लागू पडत नाहीत, हे तज्ज्ञांच्याही उशिरा लक्षात आले. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने सहा वर्षे व त्याखालील मुलांसाठी वेगळ्या कसोट्या दिल्या त्या 2013 च्या निदानपुस्तिकेत.

असा धसका पुढे किती काळ टिकतो? आपल्या दरडींशी मिळतेजुळते एक उदाहरण परदेशातले आहे. 21 ऑक्टोबर 1966 रोजी वेल्समधील अॅबरफॅन या खाणकामगारांच्या गावात कोळशाच्या खाणीतील टाकाऊ मातीचा ढिगारा घसरून प्राथमिक शाळेवर आला. 116 मुले व 28 प्रौढ मरण पावले. तेहतीस वर्षांनी, त्या वेळी शाळेतून वाचलेल्या 41 जणांची तपासणी झाली. त्यांपैकी 19 जणांना मधल्या काळात केव्हा ना केव्हा आघातोत्तर ताणविकार होऊन गेला होता आणि 12 जणांना तो तपासणीच्या वेळीही होता. म्हणजे "विसरेल" हे निम्म्यांच्या बाबतीत खरे, निम्म्यांच्या बाबतीत खोटे ठरले.

हे केवळ आपत्तीपुरते नाही. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरात 1972-73 साली जन्मलेल्या 1037 मुलांचा आजवर पाठपुरावा चालू आहे. वयाच्या 26 व्या वर्षी ज्यांना मानसिक विकार आढळला, त्यांपैकी निम्म्यांना पंधराव्या वर्षाच्या आतच कोणता ना कोणता विकार होऊन गेला होता. मात्र हा आकडा उलटा वाचू नये. आमच्या बँकेतले उदाहरण देतो. थकीत कर्जखाती काढून पाहिली तर बहुतेकांचे सुरुवातीचे हप्ते चुकलेले सापडतात. पण ज्याचा सुरुवातीचा हप्ता चुकला तो प्रत्येक जण थकबाकीदार होत नाही. बरेच जण सावरतात, विशेषतः वेळीच कोणी विचारपूस केली तर. मुलांचेही तसेच आहे.

त्याच अभ्यासातील दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. लहानपणचा अति हट्टीपणा व भांडखोरपणा हा पुढे केवळ गुन्हेगारीकडे जातो असे नाही. मोठेपणी उदासीनता किंवा चिंतेने ग्रासलेल्यांच्या पूर्वायुष्यातही तो आढळला. ज्याला आपण "वांड" म्हणून छडीने सरळ करू पाहतो, तो पोरगा कदाचित आतून भ्यायलेला असतो. आणि वांड पोराकडे निदान सर्वांचे लक्ष तरी जाते. कोपऱ्यात बसून राहणाऱ्या, कोणाशी न बोलणाऱ्या मुलीला तर आपण "गुणाची पोर" म्हणून शाबासकी देतो! बाप मुंबईला नोकरीत, आई शेतावर, सांभाळायला म्हातारी आजी, अशा घरात ती मुलगी कोणाच्या डोळ्यांवर यावी?

मग घाबरायचे केव्हा? प्रत्येक मूल कधी ना कधी हट्ट करते, रात्री घाबरते, त्यात आजार नाही. परंतु झोप, जेवण, खेळणे वा बोलणे यांत बदल झाला आणि तो महिनाभर हटला नाही, किंवा शिकलेली गोष्ट मूल विसरू लागले, तर ते दाखवले पाहिजे. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा तपासणी पथक येते. त्या दिवशी वजन-उंचीबरोबर मुलाचे वागणेही डॉक्टरांच्या कानावर घालावे. पुढे जिल्हा रुग्णालयाकडे पाठवण्याची सोय त्यात आहे. घरी करावयाचे उपाय साधे आहेत: रोजची वेळापत्रके शक्य तितक्या लवकर पूर्ववत करणे, एकच ओळखीचे माणूस जवळ असणे, शाळा लवकर सुरू होणे, आणि मुलाने घडलेल्या प्रसंगाविषयी विचारले तर त्याला गप्प न बसवणे.

आणि जे त्या वेळी लहान होते व आज कमावते झाले आहेत, पण जुलैच्या पावसात अजून रात्रभर जागे राहतात, त्यांच्यासाठीही उशीर झालेला नाही. ऑक्टोबर 2022 पासून 14416 या क्रमांकावर टेलि-मानस ही सरकारी सेवा चालते. फोन विनाशुल्क आहे, मराठीत बोलता येते.