'मराठी आपली नाही का?'

'तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?' शाळेत, कचेरीत, प्रवासात हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांनी ऐकला असेल. विचारणाऱ्याचा हेतू बहुधा वाईट नसतो. पण मूल घरी येऊन विचारते, 'अम्मी, मराठी आपली नाही का?' तेव्हा उत्तर द्यावेच लागते. ते उत्तर घरातल्या कागदपत्रांत आहे.

वडिलोपार्जित जमिनीवर नावे लावण्याचा एखादा अर्ज काढा आणि मुलांना जवळ बसवा. अर्ज, वारस, मयत, तहसील, तालुका, जिल्हा, तारीख हे शब्द मूळ अरबी आहेत आणि जमीन फारसी. १३४७ मध्ये बहामनी राज्य स्थापन झाले. पुढे निजामशाही, आदिलशाही आली. दरबारात फारसी चाले, पण गावचा हिशेब कुलकर्णी मराठीतच लिहीत. त्यांच्या लेखणीतून हे शब्द मराठीत रुजले.

रुजताना काहींचे अर्थही पालटले. अरबीत 'गरीब' म्हणजे परका, परदेशी. मराठीत तो निर्धन झाला. 'तालुका' शब्दाच्या मुळाशी 'संबंध' हा अर्थ आहे. शाई म्हणजे मूळची 'सियाही', अर्थात काळेपणा. तरी आपण बिनदिक्कत 'लाल शाई' म्हणतो! फारसीत 'नवीस' म्हणजे लिहिणारा. फडणवीस आणि चिटणीस या आडनावांत तोच दडला आहे.

शिवाजी महाराजांनी 'राज्यव्यवहारकोश' तयार करवून घेतला. त्यात सुमारे १४०० शब्दांना संस्कृत पर्याय दिले होते. त्या काळी पुढे आलेली 'सचिव'सारखी नावे आज रूढ आहेत. पण वकील, कायदा, हिशेब हे शब्दही लोकांनी सोडले नाहीत. मराठीने दोन्ही सांभाळले.

आणि आपण मराठीला फक्त शब्दच दिले असे नाही. सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमद यांनी 'योगसंग्राम' हा ग्रंथ मराठीत लिहिला. बार्शीच्या शाहीर अमर शेख यांच्या आवाजाने संयुक्त महाराष्ट्राच्या सभा दुमदुमल्या.

कुरआनच्या सूरह रूममध्ये भाषांच्या वेगळेपणाला अल्लाहची निशाणी म्हटले आहे. मराठीही त्याच निशाण्यांपैकी एक. तेव्हा पुढच्या वेळी मुलाने विचारले, तर निःशंकपणे सांगा, 'बेटा, मराठी आपलीच आहे.'